पद्मावती बोटीच्या वारसांनी गाझाच्या बोटींवर गप्प का बसायचे?

२०२५ मध्ये अशोक विजयादशमी २ ऑक्टोबरला आली. दीक्षाभूमीवर लाखोंचा जनसागर लोटला होता. नवी मुंबईतले आम्ही जे नागपूरला जाऊ शकलो नाही, ते आपापल्या विहारांत धम्मचक्र प्रवर्तन दिन साजरा करत होतो. त्याच रात्री आणि त्याच दिवशी भूमध्य समुद्रात इस्रायलचे नौदल 'ग्लोबल सुमूद फ्लोटिला'च्या बोटी एकेक करून ताब्यात घेत होते. चाळीसहून अधिक लहानमोठ्या बोटी, चाळीसहून अधिक देशांतून आलेली साडेचारशेच्या आसपास माणसे, सोबत अन्न आणि औषधे. या निःशस्त्र माणसांना अश्दोद बंदरात नेले, कोठडीत ठेवले आणि नंतर आपापल्या देशांत हाकलून दिले.

पुढच्या रविवारी आमच्या अभ्यासवर्गात एका पोराने सरळ विचारले, "दादा, त्या बोटींशी आपला काय संबंध? आपल्या पोरांच्या शिष्यवृत्त्या अडकल्यात, गावाकडं अजून बहिष्कार पडतोय. ते सोडून गाझा कशाला?"

प्रश्न खरा आहे. तो अनेकांच्या मनात असतो, पण सगळेच बोलून दाखवत नाहीत. त्याला 'माणुसकी' एवढे एक गुळगुळीत उत्तर देऊन वाटेला लावणे म्हणजे त्या पोराची फसवणूक ठरेल. म्हणून हा लेख.

आम्हाला नाकेबंदी शिकवू नका

नाकेबंदी म्हणजे काय? एका वस्तीभोवती रेघ ओढायची. आत काय जाईल, किती जाईल, कोण जाईल, हे रेघेबाहेरच्या बलवानाने ठरवायचे आणि आतल्यांनी त्याच्या मर्जीवर जगायचे. गाझाची नाकाबंदी २००७ पासून आवळत गेली. ३ जानेवारी २००९ ला इस्रायलने समुद्रमार्गाची नाकेबंदी रीतसर जाहीर केली. २०२५ च्या २ मार्चपासून तर सगळी मदतच बंद करण्यात आली. जवळपास ११ आठवडे अन्न नाही, औषध नाही, इंधन नाही. २२ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांच्या पाठबळाने चालणाऱ्या आयपीसी या अन्नसुरक्षा यंत्रणेने गाझा शहराच्या भागात दुष्काळ जाहीर केला. हा दुष्काळ पाऊस न पडल्याने आलेला नव्हता. पीठ सीमेवरच्या ट्रकांत होते आणि माणसे आत उपाशी होती.

आता आपल्या गावाकडे या. गावकीने बहिष्कार टाकला की काय होते? दुकानदार मीठ देत नाही. गिरणीवाला दळण दळत नाही. शेतावर काम मिळत नाही. पाणवठा बंद, वाट बंद. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीत बाबासाहेब सदस्य होते. त्या समितीच्या १९३० च्या अहवालात हेच नोंदवले आहे: अस्पृश्याने हक्क मागितला की त्याला दाबण्याचे सर्वांत परिणामकारक हत्यार म्हणजे सामाजिक बहिष्कार, आणि त्यापुढे उघड मारहाणही फिकी पडते. पुढे १९४७ मध्ये 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये बाबासाहेबांनी बहिष्काराची व्याख्या केली आणि तो घालणे, त्याला चिथावणी देणे, त्याची धमकी देणे हा शिक्षेस पात्र गुन्हा करा अशी मागणी केली. महाराष्ट्राला सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा करायला २०१६ साल उजाडले.

जगात कुणी कुणाचे अन्नपाणी अडवले तर त्याचे नाव काय, त्याची रीत काय, हे आम्हाला पुस्तकातून शिकावे लागत नाही. आमच्या आज्यांनी ते भोगले आहे.

दासगावच्या धक्क्यावर उतरलेली बोट

महाडचा संगर आपण दरवर्षी साजरा करतो. पण डिसेंबर १९२७ मध्ये बाबासाहेब महाडला कसे पोहोचले, हे आपल्यातल्या किती पोरांना माहीत आहे?

ते बोटीने गेले. मार्चमध्ये चवदार तळ्याचे पाणी प्यायल्यावर सत्याग्रहींची डोकी फुटली होती, तळ्याचे 'शुद्धीकरण' झाले होते, आणि ज्या नगरपालिकेने तळे खुले केले होते तिनेच ४ ऑगस्टला आपला ठराव मागे घेतला होता. दुसऱ्या परिषदेच्या वेळी महाडच्या व्यापाऱ्यांनी सत्याग्रहींना काहीही विकायचे नाही असे ठरवले. मंडपाला हिंदूंपैकी कुणी जागा देईना. ती दिली फत्तेखान नावाच्या एका मुसलमान गृहस्थाने. धरमतरच्या वाटेने गेल्यास बसमालक अडवणूक करतील ही धास्ती होती. म्हणून २४ डिसेंबरला बाबासाहेब मुंबईहून दोनेकशे साथीदारांसह 'पद्मावती' बोटीने निघाले, दुसऱ्या दिवशी दासगाव बंदरात उतरले आणि तिथून सगळे चालत महाडला निघाले. परिषदेसाठी दहा दिवसांची शिधासामग्री आधीच बाहेरून आणून ठेवावी लागली होती, कारण महाडची बाजारपेठ आपल्यासाठी बंद होती.

हे चित्र डोळ्यांसमोर आणा. पाणी अडवले आहे, बाजार अडवला आहे, रस्ता अडेल अशी भीती आहे. अशा वेळी निःशस्त्र माणसे समुद्रमार्गे येतात आणि आपला शिधा आपणच उभा करतात. 'मॅडलीन', 'हंडाला', 'कॉन्शन्स' या बोटींची नावे आम्हाला परकी का वाटावीत?

आणि सरकार काय करत होते? दासगावच्या धक्क्यावर पोलीस अधिकारी जिल्हाधिकाऱ्यांचे पत्र घेऊन उभे होते. दिवाणी न्यायालयाचा १४ डिसेंबरचा मनाई हुकूम निघालेला होता. जिल्हाधिकाऱ्यांचे म्हणणे असे: प्रकरण न्यायालयात आहे, थांबा. कागदावर सरकार आपल्या बाजूने होते, कारण १९२३ च्या बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले झालेलेच होते. पण तळ्याच्या काठावर सरकार अडवणाऱ्याच्या शांततेची काळजी वाहत होते.

बाबासाहेबांनी त्या वेळी सत्याग्रह तहकूब केला, कारण सनातनी आणि सरकार या दोन्ही आघाड्या एकदम उघडायच्या नव्हत्या. लढा न्यायालयात नेला आणि १७ मार्च १९३७ ला उच्च न्यायालयात जिंकला. म्हणजे डावपेच म्हणून ते थांबले, पण तळे 'त्यांचे' आहे हे एक दिवसही मान्य केले नाही. सरकारची 'भूमिका' आणि न्याय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हा महाडचा धडा आहे.

आता सरकारांच्या भूमिका तपासू

गाझाच्या बोटींवर सरकारांनी काय केले? सप्टेंबरमध्ये १६ देशांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी संयुक्त निवेदन काढून फ्लोटिलाच्या सुरक्षेची काळजी व्यक्त केली आणि बोटींवर बेकायदा हिंसा करू नका असे बजावले. त्यात स्पेन, आयर्लंड, ब्राझील, दक्षिण आफ्रिका, मलेशिया, तुर्की होते. आपल्या शेजारचे बांगलादेश, मालदीव, पाकिस्तान होते. भारत नव्हता. इटलीने सोबतीला युद्धनौका पाठवली, पण ती किनाऱ्यापासून १५० सागरी मैलांवर थांबली आणि पंतप्रधान मेलोनी कार्यकर्त्यांनाच बेजबाबदार म्हणाल्या. कोलंबियाने इस्रायली राजनैतिक प्रतिनिधींना देशाबाहेर काढले. आणि जिथे सरकार मागे वळले तिथे इटलीचे कामगार पुढे आले. ३ ऑक्टोबरला त्यांनी सार्वत्रिक संप केला.

भारत सरकारच्या बाजूने बोलायचे ते आधी प्रामाणिकपणे बोलू. भारताने १९८८ मध्ये पॅलेस्टाईनला मान्यता दिली. ऑक्टोबर २०२३ मध्ये हवाई दलाच्या विमानाने साडेसहा टन वैद्यकीय मदत आणि ३२ टन इतर साहित्य इजिप्तमधल्या एल-अरिशला पोहोचवले. १२ सप्टेंबर २०२५ ला दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या बाजूने संयुक्त राष्ट्रांत मतही दिले. हे सगळे खरे आहे.

पण १२ जून २०२५ ला तातडीच्या युद्धबंदीचा आणि मदत खुली करण्याचा ठराव आला तेव्हा १४९ देश बाजूने होते आणि भारत तटस्थ राहिलेल्या १९ देशांत जाऊन बसला. ८ सप्टेंबरला इस्रायलचे अर्थमंत्री स्मोट्रिच दिल्लीत आले आणि त्यांच्याशी द्विपक्षीय गुंतवणूक करार झाला. गाझात दुष्काळ जाहीर होऊन तेव्हा तीन आठवडेही झाले नव्हते. आणि ज्या समुद्रात या बोटी अडवल्या गेल्या, त्याच समुद्रावरच्या हायफा बंदरात अदानी समूहाची ७० टक्के भागीदारी आहे. ८ ऑक्टोबरला त्याच समूहाच्या आमच्या नवी मुंबई विमानतळाचे थाटात उद्घाटन झाले. त्याच दिवशी 'कॉन्शन्स' आणि तिच्यासोबतच्या बोटी समुद्रात पकडल्या जात होत्या. हा योगायोग आहे, कट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण हितसंबंध कुठे गुंतले आहेत हे पाहायला कटाची गरज नसते.

याआधी हेच साऊथ ब्लॉक वेगळे बोलले होते. ३१ मे २०१० ला 'मावी मारमारा' जहाजावर इस्रायली कमांडो उतरले आणि ९ कार्यकर्ते मारले गेले, दहावा पुढे चार वर्षांनी गेला. त्या दिवशी भारताने अशा बळाच्या वापराला कसलेही समर्थन असू शकत नाही म्हणून निषेध केला होता. २०२५ मध्ये तो आवाज कुठे गेला?

रामेश्वरमचा ताफा

ज्यांना वाटते की मदतीच्या बोटी पाठवणे म्हणजे दुसऱ्याच्या सार्वभौमत्वात नाक खुपसणे, त्यांनी भारत सरकारचाच इतिहास वाचावा.

१९८७ मध्ये श्रीलंका सरकारने जाफनाची कोंडी केली होती. इंधन आणि मालाची ने-आण अडवली होती, लष्करी कारवाई चालू होती. ३ जून १९८७ ला भारताने रामेश्वरमहून मच्छीमार बोटींचा ताफा पाठवला. रेडक्रॉसचे झेंडे, शिधा, औषधे, सोबत पत्रकार. श्रीलंकेच्या नौदलाने तो पाल्कच्या सामुद्रधुनीत अडवला आणि परत फिरवला. कोलंबो म्हणाले, हा आमच्या सार्वभौमत्वाचा भंग आहे. दिल्ली म्हणाली, हे मानवतेचे काम आहे. आणि दुसऱ्याच दिवशी, ४ जूनला, भारतीय हवाई दलाच्या मालवाहू विमानांनी लढाऊ विमानांच्या संरक्षणात जाफनावर मदत टाकली. 'ऑपरेशन पूमलाई' म्हणजे पुष्पमाला.

तेव्हा दिल्लीला जाफनाच्या लेकरांचा कळवळाच आला होता असे समजण्याइतके आम्ही भोळे नाही. त्यात तामिळनाडूचे राजकारण होते, श्रीलंकेवर दबाव आणायचा होता, आणि पुढे शांतिसेनेचे काय झाले ते सर्वांना माहीत आहे. पण मुद्दा तोच आहे. हितसंबंध असले की बोट 'मानवतेची' होते आणि नसले की तीच बोट अदृश्य होते. बोटीत पीठच असते, बदलते ती सरकारची नजर. मग आपण आपले मत सरकारच्या नजरेने ठरवायचे की पिठाकडे पाहून?

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप: नाकेबंदी कायदेशीर आहे, मग ती मोडणारे गुन्हेगार नाहीत का? युद्धात नौदल नाकेबंदी करू शकते, हे खरे. पण सागरी युद्धाच्या नियमांचा सॅन रेमो दस्तऐवज (१९९४) सांगतो की, केवळ नागरिकांना उपाशी मारण्यासाठी केलेली नाकेबंदी निषिद्ध आहे आणि आतल्या लोकांना अन्न पुरत नसेल तर तपासणी करून मदत आत सोडावीच लागते. 'मावी मारमारा' प्रकरणात संयुक्त राष्ट्रांच्या दोन समित्यांनी दोन उत्तरे दिली. मानवी हक्क परिषदेच्या पथकाने २०१० मध्ये नाकेबंदी बेकायदा ठरवली, तर पामर समितीने २०११ मध्ये ती कायदेशीर ठरवली, पण बळाचा वापर अवाजवी म्हटला. आता २२ ऑक्टोबर २०२५ ला आंतरराष्ट्रीय न्यायालयाने सल्लागार मत दिले आहे की संयुक्त राष्ट्रांची मदत गाझात पोहोचू देणे आणि तिला साहाय्य करणे ही इस्रायलची जबाबदारी आहे. आणि विसरू नका, महाडचा मनाई हुकूमही 'कायदेशीर'च होता.

दुसरा आक्षेप: आधी आपले घर पाहा. २५ जुलैला मुंबई उच्च न्यायालयानेही, आझाद मैदानावर गाझासाठी निदर्शने करू द्या म्हणणाऱ्या मार्क्सवादी पक्षाची याचिका फेटाळताना, आपल्या देशाकडे पाहा, देशभक्त व्हा, अशा आशयाचा सल्ला दिला. कचरा, प्रदूषण, गटारे, पूर असे विषयही सुचवले. (पुढे ऑगस्टमध्ये आझाद मैदानावर निदर्शने झालीच.) न्यायालयाचा मान राखून आम्ही एवढेच म्हणतो: गटारे आणि कचरा हे विषय आम्हाला सुचवावे लागत नाहीत. त्यात उतरणारी माणसे आमचीच आहेत, आणि नवी मुंबईच्या वस्त्यांत आमचे रोजचे काम तेच आहे. तुर्भ्याच्या कचऱ्याचा वास नाकात असलेल्या माणसाला गाझाच्या भुकेवर बोलता येत नाही, हा नियम कुणी केला?

आणि 'घरचे पाहा' हे वाक्य आपल्या विरोधात किती वेळा वापरले गेले ते आठवा. २००१ मध्ये डर्बनला वंशवादविरोधी जागतिक परिषद भरली. दलित कार्यकर्ते जातीचा प्रश्न घेऊन तिथे गेले, तेव्हा भारत सरकार म्हणाले, हा आमचा अंतर्गत मामला आहे, जगाने नाक खुपसू नये. त्या दिवशी आपण जगाला म्हणालो होतो की अन्यायाला सीमा नसते. बाबासाहेबांनी तर १९४६ मध्येच अमेरिकेतले कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस यांना पत्र लिहून, त्यांच्या लोकांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली होती. आपल्यालाही तोच मार्ग धरायचा आहे, म्हणून. १९७२ मध्ये मुंबईतल्या पोरांनी संघटना काढली तेव्हा 'पँथर' हे नाव अमेरिकेतून घेतले. जगाकडे दाद मागणाऱ्यांनी जगाच्या हाकेला 'आमचा संबंध नाही' म्हणायचे?

तिसरा आक्षेप सर्वांत बोचरा आहे: गाझासाठी मेणबत्त्या लावणारे आपल्या गावातल्या बहिष्काराच्या वेळी कुठे असतात? खरे आहे. खूपदा नसतात. आमच्या कार्यकर्त्यांनी बहिष्कृत कुटुंबांसाठी पोलीस ठाण्याच्या पायऱ्या झिजवल्या तेव्हा शहरातले अनेक 'आंतरराष्ट्रीय' मित्र दिसले नाहीत. हा हिशेब आम्ही त्यांच्याकडे मागूच, आणि मोठ्या आवाजात मागू. पण तो गाझाच्या उपाशी लेकराकडून वसूल करायचा नसतो. जो मित्र गाझासाठी मोर्चात येतो त्याला तिथेच विचारा, परवा आमच्या तालुक्यात मोर्चा आहे, येणार का? एका मंचावरून दोन्ही बोलण्याची हिंमत आपणच दाखवली पाहिजे.

चौथा आक्षेप: हमासचे काय? ७ ऑक्टोबर २०२३ ला सुमारे बाराशे माणसे मारली गेली, माणसे ओलीस नेली गेली. बुद्धाच्या अनुयायाला त्या हिंसेचे समर्थन करताच येत नाही, आणि आम्ही करत नाही. पण एका संघटनेच्या गुन्ह्याची शिक्षा दूधपित्या पोराला उपाशी ठेवून देणे, ही सामूहिक शिक्षा झाली. एका पोराने विहिरीला हात लावला म्हणून अख्खा महारवाडा जाळायचा, हाच तो न्याय. तो आम्हाला ओळखू येतो.

आणि एक खबरदारी. आपली लढाई ज्यूंशी नाही. अलिबाग-पेणच्या गावांतले बेने इस्रायली म्हणजे आपले 'शनिवार तेली', घाण्यावर तेल गाळणारे, मराठी बोलणारे. ते इस्रायलला गेले तेव्हा तिथल्या धर्मपीठाने त्यांच्या शुद्धतेवर शंका घेतली, लग्नाला अडथळे आणले. १९६० च्या दशकात त्यांना आंदोलन करून आपला दर्जा मान्य करून घ्यावा लागला. सोवळ्याओवळ्याचा छळ त्यांनीही सोसला आहे. ज्यूद्वेषाची एकही ओळ आमच्या फलकावर लिहिली जाणार नाही.

मग करायचे काय?

आता युद्धविराम जाहीर झाला आहे. पण समुद्राची नाकेबंदी उठलेली नाही, म्हणून प्रश्नही मिटलेला नाही.

आमच्या हातात बोट नाही. पण आमच्या शेजारी न्हावा-शेवाचे बंदर आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये देशातल्या प्रमुख बंदरांतल्या कामगारांच्या 'वॉटर ट्रान्सपोर्ट वर्कर्स फेडरेशन'ने जाहीर केले की इस्रायलसाठीचा शस्त्रास्त्रांचा माल आम्ही चढवणार-उतरवणार नाही. हातात हुक घेऊन राबणाऱ्या कामगाराने घेतलेली ही भूमिका आहे. शिकलेल्या, नोकरदार झालेल्या आंबेडकरी तरुणाची भूमिका काय?

आम्ही तीन गोष्टी ठरवल्या आहेत. आपल्या खासदारांना लेखी विचारायचे की २०१० मध्ये केलेला निषेध २०२५ मध्ये का झाला नाही. प्रत्येक अभ्यासवर्गात 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मधला बहिष्काराचा भाग आणि २०१६ चा कायदा वाचायचा, गाझाच्या बातमीशेजारी ठेवून. आणि गावात बहिष्काराची तक्रार आली की त्याच आठवड्यात तिथे शिधा घेऊन पोहोचायचे. जगाच्या नाकेबंदीवर बोलणाऱ्याने गावातली नाकेबंदी मोडली नाही तर त्याच्या बोलण्याला काडीची किंमत नाही.

त्या रविवारी आम्ही त्या पोराला एवढेच म्हणालो: शिष्यवृत्तीचा मोर्चा मंगळवारी आहे, त्याला ये. आणि घरी जाऊन 'पद्मावती' बोटीची गोष्ट वाच. तो मोर्चाला आला, आणि येताना त्याने एक प्रश्न आणला, "दादा, त्या बोटीला वाटेत कुणी अडवलं असतं तर?"

२० मार्च २०२७ ला महाडच्या संगराला १०० वर्षे होतील. तळ्याकाठी लाखो जमतील, भाषणे होतील. त्या दिवशी ओंजळीत पाणी घेताना त्या पोराच्या प्रश्नाचे उत्तर आपल्याकडे असले पाहिजे.

जयभीम! जय संविधान!